ठोंबरेंच्या दारावरचा सूर्य

१

भाविकावरचा आळ शेवटी उतरला. तिची नोकरी टिकली, पोलिसांत तक्रार गेली नाही आणि खरं काय घडलं ते सगळ्यांना कळलं.

आता हे तुम्ही वाचलेलंच नाही असं समजून पुढे जाऊ. कारण त्या सोमवारी सकाळी असं काही होईल म्हणून कुणी सांगितलं असतं, तर त्याला तपासणीसाठी थेट सहाव्या मजल्यावर नेलं असतं.

सहाव्या मजल्याबद्दल सांगायला हवं. पण त्याआधी पाटी.

सीवूड्सच्या पुढे, करावे गावाकडे पाठ करून 'निवांत हाइट्स' उभी आहे. फक्त ज्येष्ठांसाठी. फ्लॅट लहान, फरशी न घसरणारी, बाथरूममध्ये धरायला दांडे, जेवणात मीठ बेताचं. प्रत्येक दाराच्या मुठीला एक गोल पाटी लटकते. एका बाजूला पिवळा सूर्य, दुसऱ्या बाजूला निळा चंद्र. रात्री झोपताना चंद्र बाहेर करायचा, सकाळी नऊच्या आत सूर्य. नऊला भाविका एकेका मजल्यावरून फिरते. सूर्य दिसला की माणूस जिवंत, पुढचं दार. चंद्र दिसला की बेल. बेलला उत्तर नाही तर मास्टर किल्ली.

रात्री दहाला वॉचमन याच्या उलट बघतो. तेव्हा सूर्य दिसला तर माणूस विसरभोळा झाला असं धरतात. महिन्यात तीन चुका झाल्या की लिफ्टशेजारच्या बोर्डावर नावापुढे तिसरा लाल ठिपका लागतो आणि रहिवाशाला सहाव्यावर हलवतात. सहावा म्हणजे केअर फ्लोअर. तिथे पलंगांना कठडे आहेत आणि दारांना आतून कडी नाही. जेवण मिक्सरमधून येतं. टीव्ही कुणी लावला होता ते कुणाला आठवत नाही, त्यामुळे तो बंदही होत नाही. तिथून परत खाली आलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. लिफ्टमधलं सहाचं बटण अजून नवंकोरं दिसतं. रहिवासी चुकूनही त्याला बोट लावत नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर, तीनशे चारमध्ये, जोतीराम ठोंबरे राहत. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर त्यांनी तुर्भ्यात लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा केला, त्यामुळे म्हातारपणी त्यांना फक्त शांतता हवी होती. घरात टीव्ही नाही. बेल वाजवणाऱ्याला ते आठवडाभर ओळख दाखवत नसत. जेवणाच्या हॉलमध्येही जात नसत, तिथे लोक चावताना आवाज करतात म्हणून. स्वतःची खिचडी स्वतः करत. त्या महिन्यात त्यांच्या नावापुढे दोन लाल ठिपके लागले होते.

सोमवारी नऊला त्यांच्या दारावर चंद्र होता. भाविकाने बेल वाजवली. परत वाजवली. मग किल्लीने दार उघडलं.

ठोंबरे पलंग आणि दार यांच्या मधोमध जमिनीवर होते.

डॉक्टर आले, वाकून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हे आजचं नाही. शनिवार सकाळच्या अलीकडचं नक्कीच नाही."

मॅनेजर केतनने भाविकाच्या हातातला टॅब घेतला. रोजच्या फेरीची नोंद त्यात होते. तीनशे चार, शनिवार सकाळ: सूर्य. रविवार सकाळ: सूर्य.

म्हणजे मेलेला माणूस दोन्ही दिवस वेळेवर उठला होता.

२

"पाटी आपोआप फिरत नाही," केतन म्हणाला. "डेड माणूस ती फिरवू शकत नाही. म्हणजे ती फिरलीच नाही. म्हणजे तू फेरी न मारता एंट्री टाकली. सिंपल लॉजिक आहे, भाविका."

केतनचं ऑफिस तळमजल्यावर होतं. भिंतीवर हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो होता. ते दोघं इथले रहिवासी नव्हते. इथल्यांचा हसताना फोटो मिळाला नव्हता.

"मी सूर्य बघितला, सर," भाविका म्हणाली. तिशीतली, तुर्भ्याची, तोंडाची तिखट. आज मात्र ती हळू बोलत होती. "दोन्ही दिवस. माझ्या पोराची शपथ घेऊन सांगते."

"शपथेला टॅबमध्ये कॉलम नाहीये."

खुर्चीत ठोंबरेंची मुलगी उन्नती बसली होती. ऐरोलीहून आली होती ती तशीच, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात घालून. ते काढायचं तिला सुचलंच नव्हतं.

"रविवारी मी फोन केला होता बाबांना," ती म्हणाली. "उचलला नाही. मग रिसेप्शनला केला. म्हणाले, मॅम, पाटी सूर्यावर आहे, आंघोळीला गेले असतील. मी फोन ठेवून दिला." ती भाविकाकडे वळली. "शनिवारी तू खरंच दारापर्यंत गेली असतीस ना, तर कदाचित माझे बाबा आज दवाखान्यात असते. शीतपेटीत नसते."



"उद्या दुपारी मी पोलिसांत तक्रार देतेय," उन्नती म्हणाली. "निष्काळजीपणाने मृत्यू. मला पैसे नकोत, माफी नको. कुणामुळे झालं तेवढं मला लिहून हवंय."

केतनने मान हलवली. कुणाचं नाव लिहायचं हे त्याच्यापुरतं ठरलं होतं. मॅनेजमेंटला एक नाव पुरतं, आणि ते पगारपत्रकातलं असलं तर सोपं जातं.

भाविका बाहेर आली. तिला या इमारतीत एकच माणूस माहीत होतं, जे खोटं बोलणारे ओळखण्याचा पगार घेत आलं होतं.

३

संघप्रिया वाहुळे शिक्षण खात्यातून निवृत्त झाल्या होत्या. शेवटची बरीच वर्षं दहावी-बारावीच्या परीक्षांच्या भरारी पथकात. मराठवाड्यातल्या केंद्रांवर त्यांची जीप दिसली की खिडकीखाली उभे असलेले नातेवाईक शेतात पांगत. त्यांनी कॉप्या कुठेकुठे शोधून काढल्या याची यादी इथे देण्यासारखी नाही, कारण त्यात एक प्लास्टर केलेला पाय आणि एक सरस्वतीची तसबीर आहे. निवृत्तीनंतर त्या 'निवांत'च्या दुसऱ्या मजल्यावर राहत आणि दुपारी शब्दकोडं सोडवत. पेनाने.

"बाई, मी खोटं बोलत नाय," भाविका दारातच म्हणाली.

"बस आधी."

"बसायला वेळ नाय. उद्या दुपारपर्यंत मी खुनी होणारे."

"उद्या दुपारला पुष्कळ वेळ आहे. मी तीन तासांच्या पेपरात अख्खी शाळा पकडलीय. बस."

भाविका बसली आणि मग रडली. संघप्रियाताईंनी तिला रडू दिलं. पाणी दिलं नाही, कारण पाणी दिलं की माणूस रडणं आवरतो आणि अर्धवट राहतं.

"आता सांग. रात्रीच्या वॉचमनने काय बघितलं?"

"शनिवारी दहाला चंद्र. रविवारी पण चंद्र. त्याने केतनसरांना सांगितलं. सर म्हणाले, तू गप बस, कन्फ्यूजन वाढवू नको."

संघप्रियाताईंनी शब्दकोडं बाजूला ठेवलं.

"हे बघ. तू आळस केला असतास, तर नुसती खोटी नोंद टाकून मोकळी झाली असतीस. पाटी शुक्रवारच्या चंद्रावरच राहिली असती आणि जाता-येता कुणीतरी ओरडलं असतं. बरं, कुणाला मरण लपवायचं होतं असं धरू. त्याने शनिवारी एकदा सूर्य केला असता आणि सोडून दिलं असतं. रात्री परत येऊन चंद्र कशाला करील? मेलेल्या माणसाला झोपवायची गरज कुणाला पडली?"

"मग?"

"त्या दारावर कुणीतरी नियम पाळत होतं. अगदी मनापासून." त्या उठल्या. "त्यांच्या फ्रिजमध्ये काय होतं?"

"अर्धी दुधाची पिशवी. शुक्रवारची तारीख. आंबली होती."

"त्यांच्याकडे दूध रोज येतं?"

"रोज. सहाला. पोऱ्या दाराच्या हुकाला लावून जातो." भाविका थांबली.  "बाई, शनिवारी हुकाला पिशवी नव्हती. रविवारी पण नव्हती. आज पण नव्हती."

"मग तीन दिवसांचं दूध प्यालं कोणी?"

४

तिसऱ्या मजल्याच्या त्या टोकाला ठोंबरेंखेरीज तीनच दारं होती.

तीनशे दोनमध्ये पंढरी नाखवा. करावे गावचे. 'निवांत' जिथे उभी आहे ती जमीन त्यांच्या घरची होती. मुलांनी बिल्डरला दिली, बिल्डरने मोबदल्यात इतर गोष्टींबरोबर हा एक फ्लॅट दिला, आणि मुलांनी त्यात वडिलांना ठेवलं. स्वतःच्या भातशेतात वृद्धाश्रमी राहणारा हा बहुधा पहिलाच शेतकरी. ते पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते.

"इथं बांध व्हता आमचा," त्यांनी बॅटरीच्या व्हीलचेअर लावायच्या जागेकडे बोट केलं. "खेकडे, चिंबोऱ्या निघायच्या. आता बॅटऱ्या निघतान."

"नाखवा, काल रात्री तुम्ही नव्हतात?"

"पुतण्याची हलद व्हती गावान. रातभर डीजे. आज दुपारी आलो, तं ह्यो असा." त्यांनी डोळे पुसले. "जोतीरामचा डीजेवर जाम राग. मी सांगनार व्हतो त्याला, तुजेच स्पीकर बरे व्हते रं."

"शनिवार, रविवार तुम्हाला काही संशय आला नाही? तो बरा आहे असं कशावरून वाटलं?"

"कसा येनार, बाय? रात्री चंद्र लागायचा, मंजे मानूस झोपला. सकाली दुधाची पिशवी उचललेली, मंजे मानूस उठला. मेलेला मानूस दूध घेते का?"

"नाही घेत," संघप्रियाताई म्हणाल्या.

तीनशे तीनमध्ये सयाजी जगदाळे. सातारा जिल्ह्यातल्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. अजूनही रात्री जेवण झाल्यावर ते कॉरिडॉरमध्ये एक फेरी मारतात. कुठली गाडी यायची राहिली आहे ते बघितल्यासारखं. त्यांनी दार उघडलं तेव्हा घड्याळ हातात होतं.

"या, बाई. चौकशीला आलाय न्हवं? पोरीचा काय बी गुन्हा न्हाई. मी लिहून देतो."

"काय लिहून द्याल?"

त्यांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "की पोरगी चांगली हाय."

"ठोंबरे ठीक आहेत असं तुम्हाला का वाटलं?"

"आवो, सकाळी पाटी फिरल्याली दिसायची. सूर्य. गाडी वेळेवर सुटली म्हंजे डायवर हाय की आत! आन दूध बी घेतल्यालं असायचं. मी कशाला दार वाजवू? त्यास्नी बेल खपत न्हाई."

"बरोबर."

"बाई," सयाजीराव एकदम म्हणाले, "दार वाजवाया पायजे होतं का?"

संघप्रियाताईंनी उत्तर दिलं नाही. परीक्षा चालू असताना उत्तर सांगायचं नसतं.

तीनशे पाचमध्ये सगुणाबाई. त्यांनी तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ खानावळ चालवली होती. हजारो ड्रायव्हरांना जेवू घातलेली बाई, पण आता स्वतःसाठी एक भाकरी थापायची म्हटलं तर पीठ जास्तच मळलं जायचं. त्यांनी संघप्रियाताईंपुढे खिरीची वाटी ठेवली.

"घ्या. शेवयांची हाये. नाय म्हणू नका, नायतर मी बोलणारच नाय."

खीर दाट होती. आटवलेल्या दुधाची.

"तुम्ही नाही घेत?"

"मला साखर. आनि दूध पोटाला चालत नाय. आमी कोरा चहावाले."

"ठोंबऱ्यांचं काही खटकलं नाही दोन दिवस? ते बरे आहेत असं कशावरून वाटलं?"

"काय खटकणार? रातचा चंद्र, सकाळचा सूर्य. पाटी फिरत होती ना घड्याळासारखी. पाटी फिरतेय मंजे माणूस फिरतोय." त्यांनी पदराचं टोक चुरगाळलं. "भाविकाला काढणार काय हो? त्या पोरीने माझे पाय चेपलेत. तिचं कायच चुकलं नाय."

"मग कुणाचं चुकलं?"

सगुणाबाईंनी खिरीच्या वाटीकडे बघितलं आणि ती झाकून ठेवली.

५

मंगळवारी सकाळी संघप्रियाताईंनी शब्दकोडं उघडलंच नाही. उत्तर त्यांना कालच सापडलं होतं. ते कुणाला द्यायचं, हे ठरत नव्हतं.

भाविका आली. "बाई, सापडलं?"

"सापडलं."

"कोण?"

"भाविका, मी आयुष्यात शेकडो मुलं पकडली. पकडताना वाईट कधी वाटलं नाही. घरी गेल्यावर वाटायचं." त्यांनी खिडकी ओढून घेतली. खाडीवरून वारा येत होता. "हा आळ तुझ्या डोक्यावरून काढला, तर तो हवेत विरून जाणार नाही. तो दुसरीकडे उतरणार. तुझ्यापुढे पुष्कळ वर्षं आहेत, तू तो झटकशील असं केतनला वाटतं. ज्यांच्याकडे उतरणार त्यांच्यापुढे थोडी वर्षं आहेत. ते झटकू शकणार नाहीत."

भाविका म्हणाली, "बाई, माझा पोरगा दुसरीत आहे. त्याच्या शाळेत हे कळणार. आई काय करते विचारल्यावर तो काय सांगणार?"

संघप्रियाताई उठल्या आणि पायात चप्पल सरकवली.

"चल. केतनला सांग, सगळ्यांना तीनशे चारच्या बाहेर बोलाव. उन्नतीलाही."

६

कॉरिडॉरमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. तीन शेजारी एका बाजूला, उन्नती समोर, केतन मध्ये उभा. भाविका भिंतीला टेकून. ठोंबरेंच्या दाराची पाटी अजून चंद्रावरच होती. ती काढायची कुणी हा प्रश्न मॅनेजमेंटपुढे विचाराधीन होता.

"मॅम, शॉर्टमध्ये घेऊ या," केतन म्हणाला.

"पेपर तीन तासांचा असतो," संघप्रियाताई म्हणाल्या. केतन बसला.

"ठोंबरे जिवंत आहेत, असं या मजल्याला तीन गोष्टींवरून वाटत होतं. सकाळचा सूर्य, रात्रीचा चंद्र आणि उचललेलं दूध. मी तिघांना एकच प्रश्न विचारला: तुम्हाला तो बरा आहे असं कशावरून वाटलं? नाखवा म्हणाले, चंद्र आणि दूध. जगदाळे म्हणाले, सूर्य आणि दूध. सगुणाबाई म्हणाल्या, सूर्य आणि चंद्र. प्रत्येकाने दोन सांगितल्या. तिसरी कुणीच सांगितली नाही."

संघप्रियाताई एकेकाकडे बघत गेल्या.

"माणूस पुरावा म्हणून कुठली गोष्ट सांगत नाही? जी त्याने स्वतः केलेली असते ती. ती खूण ठोंबरेंची नाही हे त्याला पक्कं माहीत असतं."

केतनने बोटांवर काहीतरी मोजलं, चुकला, आणि पुन्हा मोजलं.

"सगुणाबाई, तुम्ही दूध पीत नाही. तरी तुमच्याकडे तीन पिशव्यांची खीर झाली."

"सातला बघितलं तर हुकाला पिशवी तशीच," सगुणाबाई खाली बघत म्हणाल्या. "ऊन येतं तिथं. दूध नासलं, वास सुटला की रिसेप्शनवाले लिहून घेतात, म्हातारा विसरला म्हणून. दोन ठिपके होते त्यांचे. म्हटलं ठेवते आत, मागायला येतील. आले नाय. मग म्हटलं, खीर करून देऊ या, रागावले असतील."

"आणि चंद्र बघून तुम्हाला वाटलं, अजून झोपलेत."

"रात्री त्यांनीच फिरवला असणार ना!"

"शुक्रवारी त्यांनीच फिरवला. त्यानंतर नाही. नाखवा, तुम्ही फिरायला जाऊन आठच्या सुमाराला परत येता."

पंढरी नाखवांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "दूध उचललेलं व्हतं. मंजे उठलाय. पाटी तेवढी इसरला. नऊ वाजता ही पोरगी येनार, तिसरा ठिपका लागनार, त्याला वर नेनार. वर टीव्ही चालू असते दिवसभर. त्याला तं आवाज..." ते थांबले. "मी सूर्य केला. दोन्ही दिस. आज हलदीला गेलो नसतो, तं आज पन केला असता."

"काल," केतन म्हणाला. "सोमवार काल होता."

कुणीच त्याच्याकडे बघितलं नाही.

"काल नाखवा इथे नव्हते, आणि नेमकी कालच पाटी फिरली नाही," संघप्रियाताई म्हणाल्या. "राहिला चंद्र."

सयाजीराव उभे राहिले. डेपोत साहेब आल्यावर राहत तसे. "म्या केला. शनवार आन रयवार. फेरी मारताना बघितलं, दहा वाजाया आले तरी सूर्य. म्हटलं सकाळी फिरवली गड्यानं, आन आता इसरला. वॉचमन यायच्या आत फिरवून टाकली. म्हटलं कुनाला कळतंय."

"नाखवांनी सूर्य केला, तो बघून जगदाळ्यांना वाटलं ठोंबरे जिवंत आहेत. जगदाळ्यांनी चंद्र केला, तो बघून सगुणाबाईंना वाटलं झोपलेत. सगुणाबाईंनी दूध उचललं, ते बघून नाखवांना वाटलं उठलेत." संघप्रियाताईंनी चष्मा काढला. "मी जन्मभर कॉपी पकडली. असली कॉपी बघितली नव्हती. तिघांनी एकमेकांचं बघून लिहिलं, आणि मूळ पेपर कोरा होता."

कॉरिडॉरच्या टोकाला लिफ्ट आली, उघडली, कुणी उतरलं नाही, आणि गेली.

"भाविकाने जे बघितलं तेच लिहिलं," त्या म्हणाल्या. "तिच्यापुढे सूर्यच होता."

उन्नतीने भाविकाकडे बघितलं. ती म्हणाली, "सॉरी." तो शब्द त्या जागेसाठी फार लहान होता हे तिलाही कळलं असावं, कारण ती उठून भाविकाच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली.

"म्हणजे टेक्निकली," केतन म्हणाला, "तीन रेसिडेंट्सनी सिस्टिमशी छेडछाड केलीय. तिघांनाही ठिपके लागतील."

"ठिपका कशाचा असतो?" संघप्रियाताईंनी विचारलं.

"विसरण्याचा."

"हे काय विसरले?"

केतनने मोबाइलमध्ये पॉलिसी उघडली आणि वर-खाली केली. विसरण्याची कलमं बरीच होती. दुसऱ्याचं लक्षात ठेवण्याचं एकही नव्हतं. त्याने मोबाइल खिशात ठेवला.

"मग मी तक्रार कुणावर करू?" उन्नती म्हणाली. आवाजात राग उरला नव्हता, नुसती विचारणा होती.

"आमच्यावर कर, पोरी," सगुणाबाई म्हणाल्या. "आमी नाव देतो."

उन्नतीने मान हलवली. "मग माझंही घालावं लागेल. मी पण पाटी ऐकूनच फोन ठेवला." गळ्यातलं ओळखपत्र तिने आता काढलं आणि कुठे ठेवावं न कळून हातातच धरून ठेवलं.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण पंढरी नाखवा खुर्चीतून उठले नव्हते.

"मना एक सांगा," ते म्हणाले. "मी शनवारी पाटी फिरवली, तवा तो आत जिता व्हता का?"

७

डॉक्टरांचा कागद केतनकडे होता. त्याला तो वाचायचा नव्हता. उन्नतीने हात पुढे केला आणि स्वतः वाचला.

"मृत्यू बहुधा पहाटेपूर्वी," तिने वाचलं. "बहुधा तात्काळ."

"बहुधा मंजे?" नाखवांनी विचारलं.

त्यांना शब्दाचा अर्थ माहीत होता. सगळ्यांना माहीत होता.  ठोंबरे पलंगाजवळ पडले नव्हते, दार आणि पलंग यांच्या मध्ये पडले होते. ते दाराकडे येत होते की पाणी प्यायला उठले होते, पडल्यावर किती वेळ त्यांना छत दिसत होतं, दाराबाहेर आठ वाजता कुणाचं पाऊल वाजलं ते त्यांनी ऐकलं का, आणि ऐकलं असेल तर हाक मारली का, का आवाज नको म्हणून मारली नाही, हे सगळं त्या एका शब्दात मावत होतं.

"डॉक्टरला फोन लावा," सयाजीराव म्हणाले. "इचारा, नक्की काय."

उन्नतीने फोन लावला. डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. ते म्हणाले, बराच वेळ गेल्यावर यापेक्षा नेमकं कुणीही सांगू शकणार नाही, माझा अंदाज तुमच्या बाजूचाच आहे, मनाला लावून घेऊ नका. उन्नतीने फोन स्पीकरवर ठेवला होता. तिघांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीही घेतलं नाही.

संध्याकाळी तिघंही संघप्रियाताईंच्या दाराशी आले. अर्ज लिहायचा होता. सरकारी भाषा बाईंना येते म्हणून.

"अशा अर्जाचा उपयोग नाही हो," त्या म्हणाल्या.

"ठावं हाय," नाखवा म्हणाले. "तरी लिवा."

मजकूर संघप्रियाताईंनी सांगितला. लिहिला भाविकाने, तिचं अक्षर चांगलं म्हणून. मध्येच ती थांबली, मनगटाने डोळे पुसले आणि परत लिहू लागली. सह्या तिघांच्या होत्या. चौथी उन्नतीची, ती ऐरोलीला जायला निघाली होती आणि रिक्षा थांबवून वर आली. अर्ज दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात पोच घेऊन दिला गेला. तो असा:

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी यांस,

विषय: कै. जोतीराम ठोंबरे यांच्या मृत्यूच्या अहवालात दुरुस्ती करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणार, मयताचे शेजारी व कन्या, सविनय कळवितो की, शनिवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्यापैकी एक इसम मयताच्या दारापुढे उभा होता. दुसरी व्यक्ती त्याआधी दुधासाठी उभी होती. तिसरा इसम रात्री उभा होता. चौथ्या व्यक्तीने रविवारी दूरध्वनी केला. आमच्यापैकी कोणीही दार वाजविले नाही. मयतास आवाजाचा त्रास होत असे, हे कारण आम्ही खरे समजत होतो व आजही समजतो.

आपल्या अहवालात 'मृत्यू बहुधा पहाटेपूर्वी, बहुधा तात्काळ' असे नमूद आहे. आपला अनुभव व अधिकार मोठा आहे. आम्हां अर्जदारांचे वय विचारात घेता हा विषय फार काळ प्रलंबित ठेवणे आम्हांस शक्य नाही.

तरी सदर वाक्यातील 'बहुधा' हा शब्द दोन्ही ठिकाणांहून वगळण्यात यावा, ही नम्र विनंती.